अडाणी कोण?
गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाचा एक धडा

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपला मतदार अजून अडाणी आहे.’ हे वाक्य नेहमी पराभूत पक्षाच्या वृत्तपत्रात छापले जाते. विजयी पक्षाचे वृत्तपत्र त्याच दिवशी त्याच मतदारास ‘जनताजनार्दन’ म्हणून नमस्कार करीत असते. पाच वर्षांनी पारडे फिरले की दोन्ही पत्रे आपापली विशेषणे अदलाबदल करून घेतात. माणसे मात्र तीच असतात, गावेही तीच असतात. तेव्हा या आरोपात तथ्य किती आणि पराभवाचे सांत्वन किती, हे एकदा इतिहासाच्या साक्षीने पाहणे उपयुक्त ठरेल.

मावला हे गाव आदिलाबाद शहराच्या दक्षिणेस, नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या महामार्गावर आहे. २०१६ च्या पुनर्रचनेपासून ते मंडळाचे ठिकाण झाले आहे. या परिसरात तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा एकाच बाजारात बोलल्या जातात. उत्तरेस जैनथचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. त्याच्याही पलीकडे पैनगंगा आणि पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. किनवट आणि राजुरा हे भाग त्यातून काढून मराठी मुलखास जोडण्यात आले. राजुरा प्रथम नांदेडकडे आणि १९५९ मध्ये चांद्याकडे गेला. कोठे राहावयाचे, हे ठरविताना आयोगाने अहवाल लिहिला, पुढाऱ्यांनी निवेदने दिली, संसदेने कायदा केला; परंतु गावोगावच्या माणसास मतपेटीपाशी नेऊन कोणीही प्रश्न विचारला नाही. ‘लोकांस यातले काय कळते?’ हीच त्यामागची समजूत होती. जो निर्णय झाला तो कदाचित योग्यही असेल. पण येथील माणसाच्या समजुतीची परीक्षा घेण्याची वेळच आली नाही.

ती वेळ दहा वर्षांनी गोव्यावर आली. शेजारच्या भाषिक राज्यात विलीन व्हावे की वेगळे राहावे, असा थेट प्रश्न भाषावार प्रांतरचनेच्या इतिहासात गोवा, दमण व दीवखेरीज अन्यत्र जनतेस विचारला गेला नाही. म्हणून अडाणी मतदाराचा खटला चालवावयाचा, तर त्याचे न्यायासन गोव्यातच मांडले पाहिजे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्रांवर कडक नियंत्रण होते आणि सर्वसामान्यांच्या मतदानास वावच नव्हता. अशा प्रदेशात १९६२ मध्ये पंचायतींच्या आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेच्या निवडणुका झाल्या. तीस जागांपैकी चौदा जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास आणि बारा युनायटेड गोवन्स पक्षास मिळाल्या. काँग्रेसला अवघी एक जागा मिळाली, तीही दमणची. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. कुळांना जमिनीचे संरक्षण आणि बहुजनांच्या मुलांना मराठी शाळा हे त्यांच्या राजकारणाचे दोन आधारस्तंभ होते. १९६४ चा कूळकायदा हे त्याचेच फळ होय.

या निकालाचा अर्थ काय, याविषयी महाराष्ट्रातील आणि गोव्यातील विलीनीकरणवादी पत्रांच्या मनात शंकाच नव्हती. मगो पक्षाच्या जाहीरनाम्यात विलीनीकरण होते, पक्ष निवडून आला, म्हणजे गोव्याने विलीनीकरण मागितले, असा हा सरळ हिशेब होता. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने तसा ठरावही केला आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्यास दुजोरा दिला. परंतु या हिशेबात एक मोठी फट राहिली होती. मगो पक्षास जागा निम्म्याच्या आसपास मिळाल्या असल्या, तरी मते शेकडा चाळीसच्या घरात होती. शिवाय ज्या कुळाने भाटकाराच्या धाकातून सुटण्यासाठी बांदोडकरांस मत दिले, त्याने त्याच मताने गोव्याचा नकाशाही बदलून मागितला, असे गृहीत धरण्यास कोणता पुरावा होता? त्याला तसा वेगळा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

तो विचारावा, हा आग्रह जॅक द सिक्वेरा आणि त्यांच्या पक्षाने धरला. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीतील आपले वजन त्यासाठी खर्च केले. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मगो मंत्रिमंडळाच्या हाताखाली हा कौल होऊ नये, अशी विरोधकांची मागणी होती. तीस अनुसरून बांदोडकरांनी त्या महिन्याच्या आरंभीच राजीनामा दिला. सत्ता हाती असता, कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून तिचा त्याग करणे, ही गोष्ट त्या काळीही सामान्य नव्हती आणि आज तर दुर्मीळच म्हणावी लागेल. १६ जानेवारी १९६७ हा दिवस ठरला. विलीनीकरणास ‘फूल’ आणि संघप्रदेशास ‘दोन पाने’ अशी चिन्हे मिळाली.

आता वृत्तपत्रांची कामगिरी पाहू. दैनिक ‘गोमन्तक’ मुक्तीनंतर तीनच महिन्यांनी, २४ मार्च १९६२ रोजी, बा. द. सातोसकरांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले होते. ते विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते होते. मुंबईहून आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तापलेली आपली लेखणी घेऊन, त्याच बाजूस उभा होता. उलट बाजूस मडगावचे ‘राष्ट्रमत’ होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक. त्यात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. गोव्याच्या वेगळ्या अस्तित्वाचा आणि कोंकणीच्या स्वतंत्रपणाचा कैवार घेणारे हे पत्र मराठी भाषेत निघत होते. हिंदू बहुजन आणि मध्यमवर्ग मराठी वाचतो, त्याचे मन वळवावयाचे तर मराठीतच बोलले पाहिजे, हे त्याच्या चालकांनी जाणले होते. मराठीचे सामर्थ्य मराठी राज्याच्या विरोधात वापरले गेले, असे यास कोणी म्हणेल. परंतु भाषेचे नाते आणि राज्याची सीमा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे या एका घटनेइतके दुसऱ्या कशानेच स्पष्ट होत नाही.

दोन्ही बाजूंनी विचार मांडले गेले, तसे भयही पेरले गेले. विलीनीकरणाच्या विरोधकास पोर्तुगीजांचा हस्तक किंवा भाटकारांचा दलाल म्हणणे सोपे होते. आणि ते म्हटले गेले. कोंकणी ही केवळ बोली, तिला कसले आले साहित्य, असा उपहास झाला. उलट बाजूने, विलीन झालात तर गोवा महाराष्ट्राच्या कोपऱ्यातील एक जिल्हा होईल, नोकऱ्या घाटावरचे लोक नेतील, असे सांगण्यात आले. महाराष्ट्रात दारूबंदी होती. तेव्हा माडावर चढणाऱ्या रेंदेरास तुझा धंदा बुडेल अशी भीती घालणे कठीण नव्हते. यांतील काही भीती सर्वस्वी निराधार होती असेही नव्हे. मुक्तीनंतर बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांचा अनुभव लोकांच्या गाठीस होताच. परंतु कोणत्याही पत्राने आपल्या वाचकास प्रतिपक्षाची सर्वांत बळकट बाजू प्रामाणिकपणे समजावून सांगण्याचे कष्ट घेतले, असे म्हणवत नाही.

ही पत्रे वाचत तरी किती जण होते? १९६१ च्या जनगणनेप्रमाणे या प्रदेशातील साक्षरता शेकडा ३१ च्या आसपास होती. दहांतील सात माणसांना अग्रलेख स्वतः वाचता येत नव्हता. पत्र चव्हाट्यावर कोणीतरी मोठ्याने वाचावयाचे, बाकीच्यांनी ऐकावयाचे. देवळाच्या सभामंडपात, चर्चच्या पायऱ्यांवर, तिंठ्यावरच्या दुकानात वाद झडावयाचे. उल्हास बुयांवांसारखे गायक संघप्रदेशाच्या बाजूने गावोगाव कोंकणी गीते गात फिरत होते. निरक्षर मतदाराचे शिक्षण असे कानांनी झाले. पण दोन्ही बाजू ऐकण्याची संधी त्यास एकाच पत्राच्या नियमित वाचकापेक्षा अधिक मिळाली असेल, असे वाटते. वाचक आपल्या आवडीचे पत्र घेतो आणि दुसरे उघडीत नाही. चव्हाट्यावर बसणाऱ्यास सर्वांचेच ऐकावे लागते.

निकाल लागला. सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी शेकडा ८१ हून अधिक मतदारांनी मतदान केले होते. संघप्रदेशास १,७२,१९१ आणि विलीनीकरणास १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांत फुलाचा जोर होता. सासष्टीने दोन पानांच्या पारड्यात भरभरून मते टाकली. हा केवळ ख्रिस्ती समाजाचा कौल होता, असे पुष्कळ दिवस लिहिले गेले. परंतु ख्रिस्ती लोकसंख्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक होती आणि संघप्रदेशास मिळालेली मते निम्म्याहून जास्त होती. या दोन आकड्यांमधील अंतर हिंदू मतदारांवाचून भरून निघत नाही. मंगेशीस, शांतादुर्गेस, म्हाळसेस नवस बोलणाऱ्या घरांतूनही दोन पानांवर शिक्के पडले होते.

पुढचा भाग याहून बोलका आहे. कौलानंतर अडीच महिन्यांच्या आत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. ज्या पक्षाचे आद्य ध्येय जनतेने नुकतेच नाकारले होते, तो पक्ष नामशेष होणार, असे कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात मगो पक्षास सोळा जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सना बारा. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. पक्षाची मते पूर्वीप्रमाणेच शेकडा चाळीसच्या आसपास होती.

याचा अर्थ उघड आहे. ‘गोव्याचे स्थान काय असावे?’ आणि ‘गोव्याचा कारभार कोणी करावा?’ हे दोन प्रश्न गोव्यासमोर वेगवेगळे आले, तेव्हा त्यांची उत्तरेही वेगवेगळी निघाली. जमीन आणि शाळा देणाऱ्या पुढाऱ्यास लोकांनी जवळ ठेवले. त्याचा एक हट्ट मात्र मान्य केला नाही. ज्यांनी फुलावर शिक्का मारला, त्यांनीही पराभवानंतर आपला पक्ष सोडला नाही, की निकाल उधळून लावला नाही. हा विवेक ज्या समाजात आहे, त्यास अडाणी म्हणावे काय? चूक झाली होती ती जागांच्या बेरजेस लोकांचे मन समजणाऱ्यांची. ते साक्षर होते, विद्वान होते, आणि त्यांच्या हातांत छापखाने होते. या अर्थाने १९६३ ते १९६७ या काळात सर्वांत अधिक माहितीहीन जर कोणी राहिले असेल, तर ते मतदार नव्हेत, त्यांच्याविषयी लिहिणारे होत.

भाषेविषयीची भाकितेही अशीच फसली. विलीनीकरण झाले नाही तर गोव्यातून मराठी हद्दपार होईल, असे एका बाजूस वाटत होते. आज साठ वर्षे होत आली. गोव्याच्या देवळांतील आरत्या, भजने, कीर्तने आणि जत्रेतील नाटके मराठीतच चालतात. कोंकणीस साहित्याची भाषा होता येणार नाही, असे म्हणणाऱ्यांचेही खरे ठरले नाही. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती राजभाषा झाली, १९९२ मध्ये तिने घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळविले. घरी कोंकणी आणि देवापुढे मराठी, हा आपल्या घरांतील जुना शिरस्ता आहे. त्यात विरोध आहे हे वृत्तपत्रांनी सांगितले. कुटुंबांना तो कधी जाणवला नव्हता.

आता पुन्हा आपल्या सीमेकडे वळू. महाराष्ट्राचा जिवती आणि तेलंगणाचा केरामेरी यांच्या मधल्या डोंगरात चौदा गावे आहेत. १९५६ साली आखलेली रेघ त्यांच्या अंगावरून अजून नीट ओढली गेलेली नाही. तेथील रहिवाशांची नावे दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत आली, शिधापत्रिकाही दोन्हीकडच्या मिळाल्या, आणि अलीकडच्या निवडणुकांपर्यंत पुष्कळांनी दोन्हीकडे मतदान केले. कायद्यास हे मान्य नाही, आणि ते योग्यच आहे. पण दर निवडणुकीत वार्ताहर तेथे जातात, दोन ओळखपत्रे हातांत धरलेल्या माणसाचे छायाचित्र घेतात आणि त्यास गंमतीचा विषय करून परततात. त्याने ती नावे याद्यांत स्वतः घातलेली नाहीत. दोन सरकारांनी घातली. जमिनीचा कागद कोण देईल, रस्ता कोण करील, हे ठाऊक नसल्याने तो दोन्ही दारांशी उभा राहिला. तो अडाणी नव्हे, सावध आहे. त्याचा प्रश्न मतदानाच्या दुसऱ्या दिवशीही छापला गेला असता, तर पत्रकारितेने आपले काम केले असे म्हणता आले असते.

मतदार कधी चुकत नाही, असा दावा करावयाचा नाही. तो फसतो, भुलतो, पैशासही बळी पडतो. पण तो चुकला असे म्हणण्यापूर्वी त्यास प्रश्न स्पष्ट विचारला होता काय, दोन्ही बाजू त्याच्या कानी गेल्या होत्या काय, आणि त्याचे उत्तर आपण नीट वाचले काय, ही तीन उत्तरे आधी आपण दिली पाहिजेत. कौल लावणारा भक्त प्रसाद उजवा येवो की डावा, देवास अडाणी म्हणत नाही. आपण मागितले ते काय आणि कसे, याचा तो विचार करीत घरी जातो. जनतेचा कौल लावणाऱ्यांस याहून वेगळा नियम नसावा.