दिल्लीच्या टेकडीवरची वाट

दिल्लीस येणारा प्रवासी लाल किल्ला व कुतुबमिनार पाहून परततो. परंतु या नगरीचा इतिहास पायी अनुभवावयाचा असेल, तर प्रातःकाळी उत्तरेकडील टेकडीवर फिरावयास जावे. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. अरवलीच्या या शेवटच्या खडकाळ सोंडेवर, झाडीतून जाणाऱ्या वाटेवर, तासाभरात कित्येक शतके भेटतात.

आरंभी १८२८ चा निशाणबुरूज लागतो. ११ मे १८५७ रोजी भयभीत इंग्रज कुटुंबे येथेच जमली होती. दक्षिणेस हिंदूरावांच्या नावाचे रुग्णालय आहे. हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. त्यांच्या वाड्यापाशीच १८५७ मध्ये इंग्रजांची आघाडी होती. आज त्यांचे नाव दिल्लीत प्रत्येकाच्या तोंडी आहे. माणूस मात्र विस्मृतीत गेला आहे.

जवळच अशोकस्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणविला. फर्रुखसियरच्या काळी स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ मध्ये ते सांधून तो पुन्हा उभारला गेला.

वाटेच्या शेवटी इंग्रजांचे १८६३ चे विजयस्मारक आहे. १९७२ मध्ये त्याला ‘अजितगड’ हे नाव मिळाले. जुना लेख कोणी खरवडला नाही. त्यातील ‘शत्रू’ हे परसत्तेविरुद्ध लढणारे वीर होते, असे सांगणारा नवा लेख तेथे बसविण्यात आला. जेत्याची साक्ष न पुसता तिला उत्तर देणे, हीच स्वतंत्र राष्ट्राला शोभणारी रीत होय.