युद्धात उरलेली अश्वशक्ती

'शक्ती' हा घटक शिकवताना आपण फळ्यावर लिहितो : एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात आणि पाठ पुढे सरकतो. मग एखादा चुणचुणीत विद्यार्थी हात वर करतो. "सर, इंजिनाची अश्वशक्ती दुप्पट केली तर वेगही दुप्पट होईल का?" नुसते 'नाही' म्हणून त्याचे समाधान होत नाही. अशा वेळी आम्हाला शर्यतीच्या मोटारबोटींचा इतिहास फार उपयोगी वाटतो. हाच प्रश्न तिथे माणसांनी स्वतःच्या पैशाने, आणि काही वेळा प्राणांची किंमत देऊन सोडवून पाहिला आहे.

आधी अश्वशक्ती येते कोठून ते पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे शक्ती वाढवायची तर दर मिनिटाला अधिक हवा इंजिनाच्या पोटात गेली पाहिजे. त्यासाठी वाटा तीन : सिलिंडर मोठे करणे, फेरे वाढवणे, किंवा हवा दाबून भरणे. तिन्ही वाटा महाग आहेत. उष्णता वाढते, ताण वाढतो, आणि तो सोसणारा धातू व त्यावरचे नेमके काम दोन्ही खर्चिक असतात. सामान्य कारखानदाराला न परवडणारा हा खर्च युद्धकाळात सरकारे विमानांच्या इंजिनांवर करतात. युद्ध संपले की तीच इंजिने गोदामात धूळ खात पडतात. बोटवाल्यांचे लक्ष तिकडे न गेले तरच नवल!

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली त्या १९१७ साली 'लिबर्टी' हे विमानाचे इंजिन तयार झाले. बारा सिलिंडर, सुमारे २७ लिटर घनमान आणि ४०० अश्वशक्ती. अशी वीस हजारांहून अधिक इंजिने बांधली गेली आणि १९१८ मध्ये युद्धच संपले. उरलेली इंजिने विक्रीला निघाली. मालवाहू ट्रकचा हौदा उचलणारी यंत्रणा शोधून काढणाऱ्या गार वुड या डेट्रॉइटच्या कारखानदाराने ती मोठ्या संख्येने घेतली. विमानाचे इंजिन बोटीत जसेच्या तसे बसत नाही. थंड ठेवण्याची व्यवस्था, पंख्याचा दांडा, सारे नव्याने जुळवावे लागते. वुडने ते जमवले. दोन लिबर्टी इंजिने बसवलेल्या 'मिस अमेरिका' बोटीने १९२० साली इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइटजवळ हार्म्सवर्थ चषक जिंकला. त्याच वर्षी डेट्रॉइट येथे तिने ताशी सुमारे १२० किलोमीटर वेग गाठला.

पुढे इंग्रज प्रतिस्पर्धी सरसावले आणि वुडनेही शक्ती वाढवत नेली. १९३२ साली त्याच्या 'मिस अमेरिका दहा' या बोटीत प्रत्येकी सुमारे १६०० अश्वशक्तीची चार पॅकार्ड इंजिने होती. त्यांत हवा दाबून भरली जात असे. वेग मिळाला ताशी २०१ किलोमीटर.

येथे थांबून विद्यार्थ्यांना हिशेब करायला सांगावे. ८०० अश्वशक्तीपासून ६४०० पर्यंत, म्हणजे शक्ती आठपट झाली. वेग मात्र १२० वरून २०१, म्हणजे दुप्पटही नाही! कारण असे की, पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट हवी. वुडला तेवढाही लाभ झाला नाही, कारण चार इंजिने वाहून नेणारी बोटही मोठी व जड झाली होती.

या चढाओढीची किंमत केवळ पैशात मोजून चालणार नाही. १३ जून १९३० रोजी इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरात सर हेन्री सीग्रेव्ह यांनी 'मिस इंग्लंड दोन' ही बोट ताशी सुमारे १५९ किलोमीटर वेगाने नेऊन विक्रम केला. त्याच दिवशी पुढच्या फेरीत बोट उलटली आणि सीग्रेव्ह मरण पावले. पाण्यात तरंगणारे लाकूड आदळले असावे, असे मानले जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर तोच प्रसंग पुन्हा आला. या वेळी उरलेले इंजिन होते 'ॲलिसन'. अमेरिकी लढाऊ विमानांसाठी अशी सुमारे ७० हजार इंजिने बांधली गेली होती. १९३९ सालचा पाण्यावरचा विक्रम सर माल्कम कॅम्पबेल यांच्या नावावर होता, ताशी २२८ किलोमीटर. त्यांच्या बोटीत विमानशर्यतीसाठी खास घडवलेले, दोन हजारांहून अधिक अश्वशक्तीचे रोल्स-रॉइस इंजिन होते. सिअ‍ॅटल शहरातील मोटारविक्रेते स्टॅन्ले सेयर्स यांच्याजवळ होते सुमारे दीड हजार अश्वशक्तीचे ॲलिसन. कॅम्पबेल यांच्याच बोटीने ताशी २५८ किलोमीटर गाठायचे म्हटले तर घनाच्या नियमाने जवळजवळ दीडपट शक्ती, म्हणजे सुमारे तीन हजार अश्वशक्ती लागली असती. सेयर्स यांच्यापाशी त्याच्या निम्मीच होती. तरीही २६ जून १९५० रोजी त्यांच्या 'स्लो-मो-शन चार' या बोटीने नेमका ताशी २५८ किलोमीटरचा वेग नोंदवला!

हे साधले कसे? बोटीचा आराखडा टेड जोन्स यांचा होता आणि बांधणी अँकर जेन्सन यांची. पुढचे दोन बाजूंचे फुगवटे पाण्याला जेमतेम टेकायचे आणि मधल्या भागाखाली हवेची गादी तयार व्हायची. कॅम्पबेल यांच्या बोटीलाही असे फुगवटे होते. पण तिचा पंखा व त्याचा दांडा पाण्यात बुडून ओढला जात असे. जोन्स यांच्या बोटीची मागची बाजू पंख्यावरच तोलली जाई. पंखा अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. विमानात हेच इंजिन पंख्याला स्वतःपेक्षा संथ फिरवत असे; येथे गिअर लावून बोटीचा छोटा पंखा इंजिनाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने फिरवला होता. एरवी पाणी ढवळण्यात वाया जाणारी अश्वशक्ती अशी वाचली. आमच्या मते सर्वांत स्वस्त अश्वशक्ती हीच. ती विकत आणावी लागत नाही, वाया जाऊ द्यायची नसते एवढेच.

१९५२ साली याच बोटीने आपला विक्रम ताशी २८७ किलोमीटरवर नेला. १९५६ साली डेट्रॉइटच्या अपघातात ती मोडली आणि चालक गंभीर जखमी झाला. पाण्याला कमीत कमी टेकणारी बोट हवेत उडण्याच्याही बेतात असते, हे वर्गात सांगायला विसरू नये. दुरुस्त केलेली ती बोट पुढे सिअ‍ॅटलच्या संग्रहालयात ठेवण्यात आली.

शाळेत करून पाहण्यासारखा एक सोपा प्रयोग सुचवतो. पाण्याने भरलेल्या घमेल्यात तळहात आधी आडवा धरून, मग उभा धरून फिरवायला सांगा. वेग तोच ठेवा, नंतर वाढवा. हाताला जाणवणारा विरोध विद्यार्थ्यांनीच शब्दांत मांडावा. मग "शक्ती दुप्पट केली तर?" या प्रश्नाचे उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल. आणि त्यातला एखादा तरी विचारील, "सर, शक्ती वाढवण्याऐवजी विरोधच कमी केला तर?" तो प्रश्न आला की आपला तास सार्थकी लागला असे समजावे.