एका डॉलरचे दान

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की बहुतेक घरांत कुणीतरी ‘मला नको, साखरेचा त्रास आहे’ म्हणून हात आखडता घेते. इतरांना त्याचे विशेष काही वाटत नाही. पण १९२२ सालापूर्वी हाच रोग एखाद्या मुलाला जडला की घरावर अवकळा येई. उपासमारीच्या पथ्याने त्याचे दिवस थोडे वाढत, एवढेच.

रोग तसा नवा नव्हे. रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात, हे चरकसंहितेने नोंदलेले आहे. कारण मात्र फार उशिरा उमगले. १८६९ साली लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींची चिमुकली बेटे दिसली. ती कशासाठी, हे त्याला कळले नाही. १८८९ साली मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तो त्याला मधुमेह जडला! शरीरातील ग्रंथी रक्तात काही द्रव्ये सोडतात आणि ती दूरच्या अवयवांना निरोप पोचवतात. त्यांना १९०५ साली इंग्लंडच्या स्टार्लिंगने ‘हॉर्मोन’ म्हटले. आपण संप्रेरक म्हणतो. त्या बेटांतला निरोप्या रक्तातील साखरेला पेशींचे दार उघडून देतो. तो आला नाही, तर रक्तात साखरेचा पूर आणि पेशी उपाशी!

या निरोप्याला पकडण्यासाठी १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य आणि बेस्ट हा विद्यार्थी कामाला लागले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला त्यांचा अर्क टोचण्यात आला. मुलाचे वजन अवघे ६५ पौंड. साखर थोडीच उतरली आणि सुईच्या जागी गळू झाले. अर्क अशुद्ध होता. तेव्हा कॉलिप या रसायनज्ञाने तो शुद्ध करण्यासाठी रात्रंदिवस खटपट केली. २३ जानेवारीस पुन्हा सुई टोचली. रक्तातील साखर ५२० वरून १२० वर आली! लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला.

१९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. या मंडळींत रुसवेफुगवे पुष्कळ होते. तरी बँटिंगने आपली निम्मी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लाउडने कॉलिपला. त्याच वर्षी बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्शुलिनचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले.

इन्शुलिन रोग मुळासकट काढीत नाही. ते दिवसामागून दिवस देते. शंभर वर्षे उलटली, तरी जगातल्या प्रत्येक गरजूच्या हाती ते पोचलेले नाही. देणाऱ्यांनी एक डॉलर घेतला. पोचवण्याचे काम मात्र अजून आपल्याकडे बाकी आहे.