सिगारची कागदी पट्टी : अस्सलपणाची खूण, संग्राहकांचा ठेवा

सिगार संपत आला की त्याच्याभोवतीची रंगीत कागदी पट्टी बहुधा राखदाणीत जाते. हा बोटभर कागद मुळात शोभेसाठी नव्हे, तर बनावट मालाला आळा घालण्यासाठी वापरात आला. आज मात्र तो मुद्रणकलेचा आणि तंबाखू उद्योगाचा एक दस्तऐवज मानला जातो.

या पट्टीच्या जन्माविषयी अनेक आख्यायिका आहेत. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने बोटांना डाग पडू नयेत म्हणून सिगारभोवती रेशीम गुंडाळण्यास सुरुवात केली, अशी त्यांपैकी एक. परंतु कॅथरीनचे निधन १७९६ मध्ये झाले आणि कागदी पट्ट्यांचा प्रसार त्यानंतर कित्येक दशकांनी झाला. पट्टीचे श्रेय सामान्यतः युरोपातून हवाना येथे आलेले कारखानदार गुस्ताव बॉक यांना दिले जाते. हवानाच्या नावाखाली हलका माल विकला जात असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी आपल्या सिगारवर नाममुद्रेची पट्टी चढविली. इतर कारखानदारांनी लवकरच त्यांचे अनुकरण केले.

पट्ट्यांना वैभव प्राप्त झाले ते शिळामुद्रणामुळे. झेनेफेल्डर यांनी १७९६ मध्ये शोधलेल्या या तंत्राला १८३७ मध्ये एंगेलमन यांच्या बहुरंगी मुद्रणाच्या एकस्वाची जोड मिळाली. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरली जाई. सोनेरी झळाळीसाठी धातूची भुकटी लावत आणि ठशाने उठाव देत. राजमुकुट, पदके, राजे आणि सुंदर स्त्रिया ही नेहमीची चित्रे. अर्थात सोनेरी पट्टी म्हणजे उत्तम सिगार, असे समीकरण नव्हते. अनेक स्वस्त सिगारांवरही भरजरी पट्ट्या असत.

पट्ट्या जमविण्याच्या छंदाला 'व्हिटोलफिली' म्हणतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत ठरावीक पट्ट्या परत दिल्यास भेटवस्तू मिळत. काचेच्या बशांना मागून पट्ट्या चिकटवून सजविण्याचीही तेव्हा चाल होती. १९५० व १९६० च्या दशकांत नेदरलँड्स आणि बेल्जियममधील कंपन्यांनी प्राणी, राजघराणी, वाहने अशा विषयांच्या क्रमांकित मालिका काढल्या. नेदरलँड्समधील व्होलेन्डाम येथे निको मोलेनार यांनी १९४७ मध्ये पट्ट्यांची भित्तिचित्रे करण्यास प्रारंभ केला. एक कोटी दहा लाखांहून अधिक पट्ट्यांचे हे काम तेथील संग्रहालयात पाहावयास मिळते.

जाणकार संग्राहक पट्टीवरील चित्रापेक्षा मजकूर बारकाईने वाचतो. क्युबातील क्रांतीनंतर १९६० मध्ये तेथील सिगार कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देश सोडून गेलेल्या काही मालकांनी जुनीच नावे परदेशात वापरली. त्यामुळे एकाच नावाच्या दोन पट्ट्या दोन देशांत छापल्या जाऊ लागल्या. 'हवाना' हा शब्द आहे की नाही, यावरून मूळ ओळखण्यास मदत होते, पण केवळ तेवढ्यावर विसंबता येत नाही. कोहिबा या नावाच्या डोमिनिकन सिगारावर इंग्रजी 'ओ' अक्षरात लाल ठिपका असतो, क्युबन सिगारावर तो नसतो.

या छंदासाठी धूम्रपान करण्याची मुळीच गरज नाही. जुन्या पट्ट्या अदलाबदलीने वा लिलावात मिळतात. पट्टी अखंड असणे महत्त्वाचे. फाटलेल्या किंवा डिंकाने चिकटविलेल्या प्रतीचे मोल घटते. पट्ट्या आम्लविरहित कागदाच्या वहीत, खिसे असलेल्या पानांत, ऊन व दमट हवेपासून दूर ठेवाव्यात.

२०१० मध्ये आलेल्या कोहिबा बेहिके सिगारच्या पट्टीवर होलोग्राम बसविण्यात आला. बॉक यांनी नाममुद्रेने जे साधू पाहिले, तेच आता प्रकाशाच्या खेळाने साधले जाते. अस्सल आणि नक्कल यांमधील ही चढाओढ अजूनही त्याच बोटभर कागदावर चालू आहे.