पावती फाडण्याआधी

दारात कुणी पावतीपुस्तक घेऊन आलं की माणूस ओळखीचं असेल तर आपण पन्नास-शंभर देतो, नसेल तर दार लावून घेतो. संस्था कशी चालते, हे विचारायचं दोन्ही वेळा राहूनच जातं.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पार्वतीबाई आठवले अशाच वर्गणी मागत गावोगाव फिरत. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापली आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. पार्वतीबाई कर्व्यांच्या मेहुणी, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. विधवेनं सभेत उभं राहून बोलावं, वर पैसे मागावेत, हे त्या काळी किती जणांना रुचणार! तरी लोक देत. पुढे इंग्रजी शिकायला त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या.

लोक देत, कारण त्यांना माणसं दिसत होती. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून पायी हिंगण्याला जात. पण नुसत्या दिसण्यावर किती विसंबायचं? साधेपणाचं सोंगही घेता येतं. आश्रमाचे वार्षिक अहवाल छापले जात, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावे कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली. पण मुद्दल एकदम हातात ठेवलं नाही. दरसालचं व्याज, म्हणजे ५२,५०० रुपये, मिळेल अशी व्यवस्था केली आणि सोबत अटी घातल्या. गिरणीमालकच तो! कर्व्यांनी अटी मान्य केल्या. त्यात त्यांना अपमान वाटला नाही.

आपण काही लाखांचे धनी नाही. पण १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानं आपल्यासारख्यांनाही विचारायला आधार दिला. न्यासाची नोंदणी धर्मादाय कार्यालयात हवी, हिशेब तपासून घेतलेला हवा. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारा, मागच्या वर्षीचा तपासलेला हिशेब मागा. पगार, गाड्या, समारंभ यांवर किती गेले आणि कामावर किती, ते बघा. पगार दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका हं, चांगली शिक्षिका फुकट कशी राबेल? आणि ८०-जी चं प्रमाणपत्र दाखवलं तर ते करसवलतीपुरतं. काम चांगलं चालतं की नाही, ते त्यावरून कळत नाही.

हिशेबाच्या कागदात न सापडणारी एक गोष्ट तोंडी विचारावी लागते. मागच्या वर्षी ज्या मुलींसाठी पैसे नेलेत, त्यांचं पुढे काय झालं? किती शिकल्या, किती कमावत्या झाल्या, किती मध्येच सोडून गेल्या? नावं नकोत, आकडा सांगा. लहान असला तरी चालेल.