४५ कोटी कोणी मोजले?

विषय आपल्या घरातला आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ला राज्यसभा, २२ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे गेम बंद. तेव्हा सरकारकडून एक आकडा आला: अंदाजे ४५ कोटी लोकांना या खेळांचा फटका बसलाय आणि त्यांचे २० हजार कोटींहून जास्त रुपये दरवर्षी बुडतात. सगळ्यांनी तो छापला. मीही छापला.

नंतर एकदा सहज कॅल्क्युलेटर काढला. २० हजार कोटी भागिले ४५ कोटी. माणशी वर्षाला साधारण ४४५ रुपये, महिन्याला ३७. म्हणजे दोन वडापाव. दोन वडापावांनी कोणाचं घर बसत नाही. पण घरं बसलीत, हे तर आपण बघतोय. म्हणजे एकतर ४५ कोटी हा आकडा फुगलेला, नाहीतर त्यातल्या फार थोड्यांनी फार मोठी रक्कम घालवली. आणि ते थोडे कोण, हे या आकड्यात कुठेच दिसत नाही.

कायदा चुकला असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं मोजणीबद्दल आहे. आणि मोजणीचा इतिहास बघितला तर तो आपल्या मुंबईतून, अगदी आपल्या उपनगरातून जातो.

सुरुवात पेपरपासून. १९४८ला मुंबईत ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन, म्हणजे एबीसी, स्थापन झाली. पेपर किती खपतो याचं प्रमाणपत्र तिथून मिळायला लागलं. हे काम त्यातल्या त्यात सोपं. प्रती छापल्या, विकल्या, परत आल्या, सगळ्याची वही असते. पण जाहिरातदाराला खप नको असतो, वाचक हवा असतो. एक पेपर घरात चारजण वाचतात, सलूनमध्ये चाळीसजण. ते कळायला लोकांना विचारावं लागतं, आणि विचारायला लागलं की गडबड सुरू होते.

जानेवारी २०१४ आठवा. इंडियन रीडरशिप सर्व्हेचे आकडे आले. नागपूरच्या 'हितवाद' या इंग्रजी दैनिकाचा खप साठ हजारांच्या घरात, एबीसीचं प्रमाणपत्र हातात, आणि सर्व्हेत नागपुरातला वाचक शून्य! साठ हजार घरी पेपर पडतो आणि वाचत कोणीच नाही. देशातल्या मोठमोठ्या वृत्तपत्र समूहांनी एकत्र येऊन तो सर्व्हे नाकारला.

मग टीव्ही. निवडक घरांत पीपल मीटर बसवायचं, घरातल्या प्रत्येकाने टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबायचं. घरं कोणती हे गुप्त. तेच गुपित २००१ मध्ये फुटलं. मुंबईतल्या मीटरवाल्या घरांची यादीच बाहेर आली. ज्याच्याकडे यादी, त्याच्याकडे रेटिंग.

पुढे चॅनेलवाले, जाहिरातदार आणि जाहिरात एजन्सी अशा तिघांनी मिळून बार्क ही संस्था काढली. २०१५ पासून तिचे आकडे यायला लागले. २०२०मध्ये देशभरात सुमारे ४४ हजार घरांत तिची मीटरं होती. टीव्ही असलेली घरं २० कोटींच्या आसपास. म्हणजे एक मीटर साडेचार हजार घरांच्या वतीने बोलणार. मुंबईत मीटरं जेमतेम दोन हजार. त्यातली शंभर घरं फोडली तरी चित्र बदलतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये कांदिवली पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. पोलिसांचं म्हणणं होतं, मीटरवाल्या घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक चॅनेल लावून ठेवायला सांगितलं जायचं. इंग्रजी न येणाऱ्या घरांत इंग्रजी बातम्या चालू! चॅनेलवाल्यांनी आरोप फेटाळले. वृत्तवाहिन्यांचं रेटिंग बंद झालं ते थेट मार्च २०२२ पर्यंत. खटला राज्य सरकारने मागे घ्यायचं ठरवलं आणि मार्च २०२४ मध्ये कोर्टाने परवानगी दिली. दोषी कोण, निर्दोष कोण, निकाल लागलाच नाही. पण कच्चा दुवा सगळ्यांना दिसला: मोजणी कितीही हायटेक असू दे, शेवटी ती कोणाच्या तरी हॉलमधल्या रिमोटवर उभी असते.

आता गेमिंगकडे या. टीव्हीच्या मोजणीत निदान तीन पक्ष होते, एकमेकांवर डोळा ठेवून. गेमिंगमध्ये बहुतेकदा कंपनी स्वतःच मोजते आणि स्वतःच जाहीर करते. ड्रीम११ आपल्या मुंबईचीच कंपनी. २० कोटींहून जास्त युजर असल्याचं ती सांगायची. युजर म्हणजे नोंदवलेलं खातं. त्यातले रोज खेळणारे किती, पैसे लावणारे किती, एकदा उघडून विसरलेले किती, हे एका आकड्यातून कळत नाही.

दुसरी गोष्ट, गेमर कोणाला म्हणायचं? लॉकडाऊनमध्ये नवी मुंबईच्या कंपनीचा लुडो किंग अख्ख्या घराने खेळला, आजीसकट. ती आजीही गेमर, आणि रमीत पीएफ घालवलेला माणूसही गेमर?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फोन कोणाचा आणि खेळतो कोण? माझ्या फोनवर माझा पुतण्या खेळतो. ॲपच्या हिशोबात मी चाळिशीतला जोरदार गेमर! यात हसण्यासारखं आहे, पण २०२१चा ऑगस्ट आठवला की हसू येत नाही. जोगेश्वरीच्या सोळा वर्षांच्या मुलाने पबजीपायी आईच्या खात्यातले दहा लाख रुपये घालवले. घरचे रागावले, पोरगा चिठ्ठी लिहून घर सोडून गेला. पोलिसांना तो अंधेरीत महाकाली लेण्यांच्या परिसरात सापडला. आता सांगा, व्यवहारांच्या हिशोबात ते दहा लाख कोणाच्या नावावर? आईच्या. तिला खेळणारी धरून काढलेल्या कुठल्याही सरासरीत तो मुलगा नसणारच.

आणि सर्व्हेवाला दारात आला म्हणून कोण सांगणार हो, "मी पैसे लावून रमी खेळतो"? तेही बायको स्वयंपाकघरातून ऐकत असताना?

आकडा चुकला तर बिघडतं काय, असं कोणी म्हणेल. बिघडतं. ४५ कोटी म्हटलं की प्रश्न एवढा मोठा वाटतो की एक बंदी घातली आणि काम संपलं. खरे अडकलेले थोडे असतील तर त्यांना शोधावं लागेल. समुपदेशक कुठल्या वॉर्डात हवा, शाळेत हवा की कारखान्याच्या गेटवर, कर्जात बुडालेल्यांना मदत कशी द्यायची, हे सगळं खेळणारा कोण यावर ठरतं. तो पंधरा वर्षांचा आहे की पन्नाशीचा, हेच माहीत नसेल तर औषध कोणाला देणार?

तेव्हा पुढच्या वेळी "इतके कोटी लोक खेळतात" असं वाचलं, मी लिहिलेलं असलं तरी, चार प्रश्न विचारा. मोजलं कोणी? पैसे कोणी दिले? खाती मोजली की माणसं? आणि फोन ज्याच्या नावावर, तोच खेळत होता का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरातही आहे. आज रात्री बघा, तुमचा फोन कोणाच्या हातात आहे.