कन्सोल टेबल

कन्सोल टेबल हे भिंतीला लागून ठेवले जाणारे लांबट, अरुंद आणि उंच मेज होय. घराचे प्रवेशदालन, दोन खिडक्यांमधील भिंत किंवा सोफ्याची मागील बाजू या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. या मेजावर कोणी जेवत नाही व त्यासमोर सहसा कोणी बसतही नाही. त्यामुळे गुडघ्यांसाठी मोकळी जागा, ताटासाठी पुरेशी रुंदी यांसारखी जेवणाच्या किंवा लेखनाच्या मेजावरील बंधने येथे लागू होत नाहीत. त्याची खरी अडचण अरुंदपणाची आहे. भिंतीपासून पुढे येणारे माप (या लेखात यालाच रुंदी म्हटले आहे) सर्वांत लहान असते आणि मेज उभे राहणार की कलंडणार हे मुख्यतः तेच ठरवते.

नाव व उगम

फ्रेंच वास्तुकलेत भिंतीतून पुढे येऊन वरचा भार पेलणाऱ्या नक्षीदार ब्रॅकेटला ‘कन्सोल’ म्हणतात. सतराव्या शतकात इटली व फ्रान्समधील प्रासादांत अशा ब्रॅकेटवर संगमरवरी फरशी बसवून मेजे केली जात. त्यांना पुढच्या बाजूस एक किंवा दोनच पाय असत आणि मागची बाजू भिंतीला पक्की जोडलेली असे. म्हणजेच हे फर्निचर कमी आणि भिंतीचा भाग अधिक होते. वर आरसा लावण्याची प्रथाही याच काळातील आहे. इंग्लंडमध्ये विल्यम केंट (१६८५–१७४८) याच्या शैलीतील, पंख पसरलेल्या गरुडाने फरशी तोललेली कन्सोल मेजे प्रसिद्ध आहेत.

पुढे मेजाला चार पाय आले आणि ते भिंतीपासून सुटे झाले. भिंतीचा आधार गेल्यावर स्थैर्याची सर्व जबाबदारी प्रमाणांवर आली. आजच्या हस्तनिर्मित कन्सोल टेबलांचे बरेचसे नियम या बदलातून समजून घेता येतात.

मापे आणि स्थैर्य

उंची साधारणपणे ७५ ते ८५ सेंमी आणि रुंदी ३० ते ४० सेंमी ठेवतात. लांबी जागेनुसार बदलते. १०० ते १५० सेंमी ही मापे अधिक आढळतात.

मेजाचे बहुतेक वजन वरच्या भागात असल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य उंचावर असतो. तो जमिनीपासून ६० सेंमीवर आणि पाय ४० सेंमी रुंदीच्या कडांशी आहेत असे मानल्यास मेज सुमारे १८ अंश झुकेपर्यंत कलंडत नाही. रुंदी ३० सेंमी केल्यास ही मर्यादा १४ अंशांवर येते. त्याच ३० सेंमीच्या मेजाचे पाय दोन्ही कडांपासून ५ सेंमी आत घेतल्यास ती साडेनऊ अंशांपर्यंत उतरते. पाय आत घेतलेले मेज चित्रात डौलदार दिसते, परंतु लहान मुलाने कड धरून ओढल्यास ते सहज पुढे येते. खण असलेल्या मेजात धोका अधिक, कारण भरलेला खण बाहेर ओढताच वजन पुढे सरकते. अशा मेजाची मागची पट्टी भिंतीला स्क्रूने जोडणे हा जुन्या पद्धतीकडे परत जाणारा, पण योग्य उपाय आहे.

भिंतीच्या तळाशी स्कर्टिंग असल्यास मागचे पाय तिला टेकतात आणि फळी व भिंत यांत फट राहते. ती टाळण्यासाठी फळी मागच्या बाजूस स्कर्टिंगच्या जाडीइतकी पायांच्या बाहेर काढतात.

प्रमाणबद्धता

थॉमस चिपेंडेल याच्या १७५४ मधील फर्निचरच्या नमुनाग्रंथाचा आरंभ अभिजात वास्तुकलेतील स्तंभांच्या पाच प्रकारांनी होतो. मेजाचे पाय, पट्टी आणि फळी यांकडे स्तंभ व तुळई म्हणून पाहण्याची ही दृष्टी आजही उपयोगी आहे. लांबी व उंची यांसाठी सुवर्णगुणोत्तर (१ : १.६१८) वारंवार सुचवले जाते; ८० सेंमी उंचीला त्यानुसार सुमारे १३० सेंमी लांबी येते. हे गुणोत्तर आरंभबिंदू म्हणून ठीक आहे, त्यात गूढ काही नाही. भिंतीची लांबी, वरच्या आरशाची रुंदी आणि शेजारच्या दाराची चौकट यांचा दिसण्यावर त्याहून मोठा परिणाम होतो. त्यामुळे लाकूड कापण्यापूर्वी पुठ्ठ्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती जागेवर ठेवून पाहणे श्रेयस्कर असते.

फळीची जाडी हा नवशिक्यांना फसवणारा भाग आहे. २२ मिमीची फळी खालच्या बाजूने तिरपी रंधून कडेला १२ मिमी केली, तर उभ्या माणसाला ती पातळ दिसते आणि तिची मजबुती फारशी कमी होत नाही. पायांचेही तसेच: वर ४० मिमी चौरस असलेला पाय तळाशी २२ मिमीपर्यंत निमुळता करता येतो. हा उतार पट्टीच्या खालून सुरू करून फक्त आतील दोन बाजूंना दिल्यास बाहेरची रेषा सरळ राहते. असे निमुळते चौकोनी पाय जॉर्ज हेपलव्हाइट याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीचे वैशिष्ट्य आहे.

चौकट व सांधे

फळीखाली चारही बाजूंनी फिरणाऱ्या पट्ट्यांची चौकट मेजाला ताठपणा देते. आधारांमधील अंतर दुप्पट झाल्यास तेवढ्याच भाराने येणारा बाक आठपट होतो. उलट, उभ्या पट्टीची उंची दुप्पट केल्यास तो एक-अष्टमांश होतो. म्हणून लांब मेजासाठी फळी जाड करण्यापेक्षा ८ ते १० सेंमी उंचीची पट्टी वापरणे शहाणपणाचे ठरते. पट्टीच्या टोकाला काढलेले कुसू पायात पाडलेल्या चौकोनी खाचेत बसवून हा सांधा करतात. खाली आडवी जोडपट्टी नसेल, तर मेजाचे डुलणे रोखण्याचे सर्व काम याच आठ सांध्यांना करावे लागते.

लाकडाची हालचाल

हवेतील आर्द्रतेनुसार लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आक्रसते. लांबीच्या दिशेने हा बदल नगण्य असतो. लाकडातील ओलावा ४ टक्क्यांनी वाढल्यास ३५ सेंमी रुंदीची, स्पर्शरेषेत कापलेली सागवानी फळी सुमारे अडीच मिमी रुंदावते. पांढऱ्या ओकची तशीच फळी सुमारे पाच मिमी वाढते. कोकणासारख्या दमट पावसाळ्याच्या प्रदेशात सागवान पसंत केले जाण्यामागे वाळवीला दाद न देण्याच्या गुणाबरोबर हेही एक कारण आहे.

तरीही फळी चौकटीला सरसाने किंवा घट्ट स्क्रूने सर्व बाजूंनी जखडल्यास ती तडकते अथवा चौकटीचे सांधे उघडते. त्यासाठी पट्टीच्या आतील बाजूस खाच पाडून त्यात लाकडी गुटके सरकते ठेवतात आणि गुटके फळीला स्क्रूने जोडतात. पुढची कड मध्यभागी पक्की केली, तर हालचाल मागे, भिंतीच्या बाजूस होते आणि दर्शनी कड जागेवर राहते. पॉलिश फळीच्या दोन्ही पृष्ठांवर सारखेच द्यावे लागते. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरडी सोडल्यास दोन्ही पृष्ठे ओलावा वेगवेगळ्या गतीने शोषतात आणि फळी बाक घेते.